तिसरा रकाना

जनसुनावणीच्या बातम्या बहुधा एकाच साच्यातून निघतात. मांडव, पोलीस बंदोबस्त, घोषणा, निवेदनांचे गठ्ठे. मुरबे येथील प्रस्तावित बंदराची पर्यावरणविषयक जनसुनावणी ऑक्टोबर २०२५ मध्ये पालघरला झाली, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांनी कडाडून विरोध नोंदवला. ती बातमी वाचून दूरच्या वाचकाचा समज असा झाला असेल, की लोकांना बोलायला मिळाले, त्यांनी बोलून घेतले, आता काय ते सरकार ठरवील. गोम नेमकी या समजात आहे. सुनावणीच्या दिवशी माईक कोणाकडे होता, यावरून सत्ता कोणाकडे होती हे कळत नाही. त्यासाठी त्या दिवसामागची तारखांची उतरंड पाहावी लागते. मुरब्याच्या किनाऱ्यावर बंदर असावे का, हा प्रश्न महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाने आपल्यापुरता आधीच सोडवला होता. जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीला इरादापत्र देऊन झाले होते आणि ४,२५९ कोटी रुपये हा खर्चाचा अंदाज कंपनीने जाहीरही केला होता. शेअर बाजाराला जे आधी कळवले, ते गावाला नंतर विचारले. आपल्याकडे लग्नाच्या याद्या होऊन, मुहूर्त निघून, पत्रिका छापून झाल्यावर मुलीला 'तुला पसंत आहे ना' असे विचारण्याची एक जुनी रीत होती. विचारणाऱ्याचा हेतू वाईटच असायचा असे नव्हे. पण त्या घडीला 'नाही' म्हणण्याची किंमत इतकी वाढलेली असायची, की विचारणे हा उपचार होऊन बसायचा.

धोरण ठरवण्यातला सत्तेचा असमतोल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पैसा, ओळखीपाळखी, दबाव अशी चित्रे येतात. ती खोटी नाहीत. पण मुरब्याच्या प्रकरणात एकाही अधिकाऱ्याने नियम मोडला नाही, कंपनीने एकही गैर गोष्ट केली नाही, असे घटकाभर गृहीत धरले तरी असमतोल जसाच्या तसा उरतो. तो नियमांच्या क्रमात बसलेला आहे. पहिला प्रश्न विचारायचा अधिकार कोणाला, माहिती गोळा करण्याचा खर्च कोण करतो, उत्तर द्यायचे बंधन कोणावर आहे आणि कोणाची संमती कायद्याने मोजली जाते, या चार ठिकाणी तो पक्का झाला आहे. गेल्या तीसेक वर्षांत पर्यावरणाच्या नावाने आपण बरीच संस्थात्मक सुधारणा केली. नवी प्राधिकरणे आली, लवाद आला, सुनावण्या आल्या, भरपाईची धोरणे आली. पायऱ्या वाढल्या, त्यांचा क्रम मात्र कोणी हलवला नाही.

आधी जागा समजून घेऊ. पालघरच्या पश्चिमेला सातपाटी, मधे खाडी, खाडीच्या उत्तरेला मुरबे. तिथून किनाऱ्याने वर निघाले की नांदगाव, आलेवाडी, नवापूर, उच्छेळी-दांडी अशी गावे लागतात, पुढे तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आणि त्याही पुढे डहाणू तालुक्यात वाढवण. पाठीमागे, पूर्वेला, बोईसरची औद्योगिक वसाहत. मांगेला मच्छीमारांची ही वस्ती पापलेट, बोंबील, घोळ, दाढा, करंदी, जवळा यांवर उभी आहे, आणि वाडवळ-भंडारी समाजाच्या वाड्या तिच्या शेजारी आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये मुरब्याच्याच एका नाखव्याच्या जाळ्यात १५७ घोळ मासे सापडले आणि लिलावात त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये आले. ती बातमी देशभर नशिबाची गोष्ट म्हणून छापली गेली. खरे तर ती समुद्राच्या सुपीकतेची बातमी होती, पण नशीब छापायला सोपे. या पट्ट्याला मच्छीमार 'गोल्डन बेल्ट' म्हणतात, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ज्या पापलेटला सरकारने राज्य माशाचा मान दिला, त्याचे इथले बाजारपेठेतले नाव सातपाटीशी जोडलेले आहे. अशा किनाऱ्यावर १९६९ साली देशातले पहिले अणुऊर्जा केंद्र सुरू झाले. मागोमाग औद्योगिक वसाहत आली. अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. जेएसडब्ल्यू समूहाच्याच बंदराचा प्रस्ताव आधी नांदगावला आला होता, तिथेही विरोध झाला. मग वाढवणचे महाबंदर, आणि आता मुरबे.

आता नियम पाहू. आज लागू असलेली पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची आहे. तिच्यात चार टप्पे आहेत: छाननी, अभ्यासाची व्याप्ती ठरवणे, लोकांशी सल्लामसलत आणि अंतिम मूल्यमापन. सल्लामसलतीचा टप्पा तिसरा. त्याआधीचा दुसरा टप्पा मला सगळ्यांत निर्णायक वाटतो, आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. अहवालात कोणते प्रश्न तपासायचे, किती अंतरापर्यंत पाहायचे, किती काळाची माहिती घ्यायची, हे सगळे या दुसऱ्या टप्प्यात ठरते आणि ते ठरवताना गावाला बोलावण्याची तरतूद नाही. अर्ज कंपनीचा, मसुदा कंपनीचा, त्यावर मत तज्ज्ञ समितीचे. म्हणजे प्रश्नपत्रिका दोघांनी मिळून काढायची, उत्तरपत्रिका एकाने लिहायची आणि तिसऱ्याला फक्त शेरा मारू द्यायचा. राज्यशास्त्रात बॅकरॅक आणि बॅराट्झ या दोघांनी १९६२ साली एक निबंध लिहिला होता. वादात कोण जिंकले एवढे पाहून सत्ता मोजता येत नाही, कोणता विषय वादाला येऊच दिला गेला नाही हेही पाहावे लागते, असे त्यांचे म्हणणे. मुरब्याला ते तंतोतंत लागू पडते. 'बंदर इथेच का', 'बंदर हवेच का', 'वाढवण होत असताना आणखी एक कशासाठी' हे प्रश्न सुनावणीत शंभर जणांनी विचारले तरी ते अभ्यासाच्या व्याप्तीत नसतात. गाळ किती उपसणार, धूळ कशी रोखणार, झाडे किती लावणार हे मात्र असते.

अभ्यास कोण करतो? प्रकल्पाच्या मालकाने नेमलेली आणि त्याने पैसे दिलेली सल्लागार संस्था. त्या संस्थेला मान्यता असावी लागते हे खरे, पण तिचे पुढचे काम कोणाकडून येणार हेही तिला ठाऊक असते. अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजी. मराठीत मिळतो तो सारांश. २०२० साली केंद्राने याच अधिसूचनेचा नवा मसुदा काढला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये उपलब्ध करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले, आणि केंद्राने त्या आदेशाला विरोध केला. देशाच्या नियमाची ही गत, तिथे एका बंदराच्या अहवालाची काय कथा. यापेक्षा खोल अडचण अहवालातल्या माहितीची आहे. मूल्यमापनासाठी एका ऋतूची, आणि तीही पावसाळा वगळून घेतलेली माहिती पुरेशी मानण्याचा रिवाज आहे. जमिनीवरच्या कारखान्यासाठी तो चालून जात असेल. पण पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद ठेवली जाते ती प्रजननाच्या काळासाठीच. सरकारचे मत्स्यखाते ज्या महिन्यांना माशांच्या पैदाशीचे महिने मानून होड्या किनाऱ्याला ओढायला लावते, नेमके तेच महिने पर्यावरणाच्या अभ्यासातून वगळता येतात. हा विनोद कोणी जाणूनबुजून केलेला नाही. ज्यांना तो लगेच दिसला असता, ते व्याप्ती ठरवताना खोलीत नव्हते, इतकेच.

मच्छीमारांचे ज्ञान कागदावर नसते म्हणून ते मोजले जात नाही, असे म्हटले जाते. तेही अर्धेच खरे. या किनाऱ्यावर 'कव' नावाची गोष्ट आहे. डोल जाळे लावण्यासाठी समुद्राच्या तळात खुंट रोवून ठरवलेली जागा म्हणजे कव. कोणाची कव कुठे, हे गावाला माहीत असते, शेजारच्या गावाला माहीत असते, आणि त्यावरून पालघर-डहाणूचे मच्छीमार आणि वसई-उत्तनकडचे डोलवाले यांच्यात कितीएक वर्षे भांडण चालू आहे. कवींच्या अतिक्रमणाच्या तक्रारी मत्स्यव्यवसाय खात्याकडे जातात, बैठका होतात, तोडगे मोडतात. म्हणजे या समुद्राला वहिवाट आहे आणि सरकारला ती माहीत आहे. मच्छीमार एकमेकांशी भांडतात तेव्हा सरकार ती मान्य करूनच मध्यस्थी करते. बंदराचा नकाशा काढायच्या वेळी मात्र तोच समुद्र मोकळा होतो. सातबारावर समुद्र नाही, तेव्हा त्याला मालक नाही, तेव्हा संमतीचा प्रश्न नाही, अशी ही साखळी आहे.

तिची कायद्यातली कडी २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सापडते. तो कायदा सुधारणावादी म्हणून गाजला, आणि १८९४ च्या कायद्याशी तुलना करता तो तसा आहेच. त्यात 'बाधित कुटुंब' या संज्ञेत मच्छीमार आणि नावाडी स्पष्ट शब्दांत आले. पण दोन अटी पाहा. त्यांच्या उपजीविकेवरचा परिणाम जमिनीच्या संपादनामुळे झालेला हवा; समुद्रात भराव टाकायला जमीन संपादन करावीच लागत नाही. आणि खासगी प्रकल्पाला ८० टक्के, सरकारी-खासगी भागीदारीला ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती हवी असे कायदा म्हणतो, तेव्हा तो ज्या उपकलमांकडे बोट दाखवतो त्यांत जमीनधारक येतात, मच्छीमार येत नाहीत. मोबदल्यापुरते ते बाधित, मतापुरते नाहीत. एकाच कलमातल्या दोन उपकलमांमधली ही फट फार थोड्या लोकांनी वाचली असेल, पण पालघरच्या किनाऱ्याचे भवितव्य तिच्यातून वाहून जाते. वाढवणसाठी १,४४८ हेक्टर समुद्रात भराव घालायचा आहे. एवढी शेतजमीन घ्यायची असती तर संपादनाच्या नोटिसा, सामाजिक परिणामांचा अभ्यास, हरकती या सगळ्यांतून जावे लागले असते. समुद्र घेताना त्यातले काही लागत नाही.

आता निर्णय घेणाऱ्यांकडे वळू. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड १९९६ साली स्थापन झाले. राज्यातल्या लहान बंदरांचे नियमन, किनाऱ्याचा विकास, खासगी कंपन्यांशी सवलतीचे करार हे त्याचे काम. वाढवणमध्ये हेच बोर्ड २६ टक्क्यांचे भागीदार आहे. उरलेले ७४ टक्के जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचे. मुरब्यात ते सवलत देणारे आणि महसुलात वाटा घेणारे आहे. नियमन करणारा, गुंतवणूक आणणारा आणि नफ्यात वाटेकरी असणारा एकच असला, की त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका न घेताही एक गोष्ट म्हणता येते: 'इथे बंदर नको' असे निघू शकेल असे एकही टेबल त्याच्या कार्यालयात नाही. सुनावणी घेणारे प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्याचे, अध्यक्षस्थानी बसणारे जिल्हाधिकारी राज्याचे, आणि प्रकल्पाला इरादापत्र देणारे बोर्डही राज्याचेच. जिल्हाधिकाऱ्याने व्यक्ती म्हणून कितीही सहानुभूतीने ऐकले तरी अधिसूचना त्याला मत द्यायला सांगत नाही, मोजणीही करायला सांगत नाही. सुनावणी सुरू करायला गणसंख्येचे बंधन नाही असे तिच्यात लिहिले आहे. दहा माणसे आली तरी सुनावणी वैध, दहा हजारांनी नको म्हटले तरी ती वैधच. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ साली, म्हणजे तारापूरच्या अणुभट्ट्या सुरू झाल्या त्याच वर्षी, लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सल्लामसलत त्या शिडीवर चौथी येते, नुसत्या देखाव्याच्या टप्प्यात, कारण ऐकलेल्याचे पुढे काय होणार याची हमी तिच्यात नाही. पन्नासहून अधिक वर्षे झाली, आपण त्याच पायरीवर गालिचे बदलत आहोत.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: सुनावणीत 'हो-नाही' मोजले नाही तरी अटी घालता येतात, आणि अटींनी नुकसान आटोक्यात राहते. अटींचे पुढे काय होते याचा पुरावा शोधायला लांब जायला नको, मुरब्याच्या पाठीमागेच तो आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला अटींची कमतरता कधीच नव्हती. संमतीपत्रे होती, सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र होते, नवापूरपासून समुद्रात सोडायची वाहिनी होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात तारापूरला ७२.०१ गुण मिळाले आणि ते गंभीर प्रदूषित क्षेत्रांच्या यादीत गेले. २०१८ च्या मोजणीत गुण ९३.६९ झाले आणि तारापूर देशात पहिले आले. मधल्या काळात २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादाकडे गेली. लवादाने नेमलेल्या समितीने २०२० मध्ये सुमारे १६० कोटी रुपयांच्या पर्यावरणीय भरपाईचा हिशेब मांडला. पुढे आदेश झाला, दाद मागितली गेली, कोर्टकचेरी सुरू राहिली. नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याचे काम पगारी यंत्रणेकडे होते. ते पाळले गेले नाहीत हे सिद्ध करण्याचे काम मात्र मासे विकून वर्गणी काढणाऱ्यांना करावे लागले. तेव्हा 'अटी घालू' हे आश्वासन या किनाऱ्याने नाक मुरडून ऐकले तर तो हट्ट नव्हे, तो अनुभव आहे.

दुसरा आक्षेप भरपाईचा. कोणाचे नुकसान झाले तर पैसे देऊ, मग वाद कुठे राहिला? उरणला पाहा. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले. त्या परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यावेत असा आदेश हरित लवादाने दिला तो फेब्रुवारी २०१५ मध्ये. सव्वीस वर्षे! बंदर सुरू झाले तेव्हा जो तांडेल चाळिशीचा होता, तो आदेशाच्या वेळी सहासष्टचा झाला. २०२१ साली ठाणे खाडीवरच्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला मच्छीमारांच्या भरपाईचे धोरण करायला सांगितले, त्यानंतर राज्याने ते केले. हे पाऊल पुढचेच आहे. तरीही भरपाई ही हरल्यानंतरची तडजोड आहे. ती 'किती' याचे उत्तर देते. 'का' आणि 'कुठे' ही दारे तोवर बंद झालेली असतात.

तिसरा आक्षेप राष्ट्रहिताचा, आणि तो हलका नाही. मोठ्या मालवाहू जहाजांना खोल पाणी लागते, वाढवणला किनाऱ्याजवळ सुमारे २० मीटर खोली नैसर्गिकरीत्या मिळते, देशाचा व्यापार वाढतो आहे. ७६,२२० कोटींच्या त्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. मी हा युक्तिवाद वाढवणपुरता घटकाभर पूर्ण मान्य करतो. मग मुरब्याचे काय? वर्षाला जवळजवळ ३० कोटी टन क्षमतेचे केंद्राचे महाबंदर ज्या किनाऱ्यावर होणार, त्याच किनाऱ्यावर पाचपंचवीस किलोमीटर खाली राज्याच्या परवान्याने खासगी बंदर का लागते? त्याचे उत्तर असेलही. ते देण्याची जबाबदारी कोणावर आहे, हा माझा प्रश्न. वाढवणची फाइल दिल्लीची, मुरब्याची मुंबईची, औद्योगिक सांडपाण्याची तिसरीकडे, अणुकेंद्राची चौथीकडे. प्रत्येक अहवाल आपापल्या वर्तुळापुरते बोलतो. मच्छीमाराची होडी मात्र ही सगळी वर्तुळे एकाच फेरीत ओलांडते. दोन बंदरे, दोन्हींची जहाजांची वाट, दोन्हींचा गाळ, शिवाय नवापूरची वाहिनी, या सगळ्यांचा मिळून परिणाम काय, हे विचारणारे एकही टेबल नाही. राष्ट्रहित ज्याला म्हणायचे ते निदान बेरीज करून तरी म्हणावे.

बेरीज करणारी संस्था या जिल्ह्यात एकदा होती, म्हणून ही मागणी आभाळातून पडलेली नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसले. अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. पी अँड ओ या कंपनीच्या वाढवण बंदराचा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला आणि सप्टेंबर १९९८ मध्ये त्यांनी तो नाकारला. त्या प्राधिकरणाचे वेगळेपण काय होते? ते प्रकल्पात भागीदार नव्हते, त्याला सुनावणी घेऊन 'नाही' म्हणता येत होते आणि 'नाही' म्हटल्याची कारणे लिहावी लागत होती. म्हणजे पहिला प्रश्न विचारण्याचा अधिकार तिथे पोचला होता. धर्माधिकारी ३ जानेवारी २०१९ रोजी गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने नव्या वाढवण बंदराला तत्त्वतः मंजुरी दिली. त्याच वर्षी बंदरांना 'लाल', म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी, उद्योगांच्या वर्गातून बाहेर काढणारा केंद्रीय निर्णय झाला. ३१ जुलै २०२३ रोजी, पुनर्रचना झालेल्या त्याच प्राधिकरणाने अटी घालून बंदराला ना हरकत दिली, जानेवारी २०२४ मध्ये जनसुनावणी झाली, आणि एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या परवानगीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. पंचवीस वर्षांत तंत्रज्ञान बदलले, जागा समुद्रात आणखी आत गेली, हा प्राधिकरणाच्या बाजूचा युक्तिवाद मी डावलत नाही. मात्र हा क्रमही डावलता येत नाही: तत्त्वतः मंजुरी आधी, वर्गीकरणात बदल मग, परवानगी नंतर, लोक सगळ्यांत शेवटी. संस्था तीच राहिली, तिच्याभोवतीच्या पायऱ्या फिरवल्या गेल्या. मोडण्यापेक्षा वळवणे नेहमीच स्वस्त पडते.

गावाला नकाराधिकार दिला तर देशात काही उभेच राहणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी जमीनधारकांच्या संमतीची अट आठवावी. ती आल्यावर रस्ते आणि कारखाने थांबले नाहीत. वाटाघाट मात्र खरी झाली. एप्रिल २०१३ मध्ये नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या ग्रामसभांकडे सोपवला, बारा ग्रामसभांनी नकार दिला. त्याने देशातले खाणकाम बंद पडले नाही. आपल्या राज्यातच २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची का, यावर सरकारनेच मतदान घेतले होते. म्हणजे मोजणी करता येते. करायची इच्छा असली, तर तहसीलदाराकडे पेट्या आहेत.

चौथा आक्षेप मला सगळ्यांत अडचणीचा वाटतो, कारण तो आतून येतो. गाव म्हणजे कोण? सुनावणीत बोलतात ते बहुधा संस्थांचे पदाधिकारी, नाखवे, यांत्रिक होड्यांचे मालक. बोंबील वलांडीवर घालणाऱ्या, जवळा सुकवणाऱ्या, पाटी घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाया किती बोलतात? होड्यांवर खलाशी म्हणून येणारे आदिवासी तरुण तर 'मच्छीमार कुटुंब' या गणतीतही अनेकदा येत नाहीत. होडी, परवाना आणि सोसायटीचे सभासदत्व ज्याच्या नावावर, भरपाईचा अर्जही त्याचा. बाहेरच्या असमतोलाबद्दल बोलताना आतल्याला पदराआड घालणे बरे नाही. पण यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. गाव एकसंध नाही म्हणून त्याला विचारू नये असे नाही, एकाच दुपारी एकाच मांडवात विचारू नये असे आहे. बायकांची वेगळी सभा, खलाशांची वेगळी नोंद, वर्षभराच्या मासळीचा लिलावाच्या वह्यांवरून हिशेब, हे तीस दिवसांच्या नोटिशीत होत नाही. आधी सुरुवात केली तरच होते. आणि 'लोकांना भडकवले जाते' असे म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण: १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव' आंदोलनात पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला, त्यात पाच जण गोळीबारात पडले. त्यांपैकी रामचंद्र महादेव चुरी मुरब्याचे, गोविंद गणेश ठाकूर नांदगावचे, काशिनाथ हरी पागधरे सातपाटीचे. तेव्हाच्या सरकारी दप्तरातही याला चिथावणीच म्हटले असेल.

मग करायचे काय, याची उत्तरे अवघड नाहीत, गैरसोयीची आहेत. अभ्यासाची व्याप्ती ठरवण्याआधी गावात पहिली बैठक व्हावी. सल्लागाराचे मानधन कंपनीने थेट न देता एका स्वतंत्र निधीत भरावे, आणि त्यातला वाटा गावाने निवडलेल्या तज्ज्ञाला मिळावा. पूर्ण अहवाल मराठीत यावा, समुद्राचा अभ्यास पावसाळ्यासह वर्षभराचा असावा. मेरीटाइम बोर्डाचे नियमन आणि भागीदारी वेगळी व्हावी. संमतीच्या उपकलमात मच्छीमार यावेत. यातल्या एकाही गोष्टीने मुरब्याला बंदर होणारच नाही अशी खात्री मिळत नाही. वर्षभराच्या खऱ्या माहितीनंतर गाव कदाचित लहान धक्क्याला हो म्हणेल, कदाचित कशालाच म्हणणार नाही. यांतले काय होईल हे आज कोणालाच सांगता येत नाही, कारण तसे विचारून कोणी पाहिलेले नाही.

सुनावणी संपली की कायद्यानुसार कार्यवृत्त वाचून दाखवायचे असते, जिल्हाधिकाऱ्यांची सही त्याच दिवशी व्हायची असते, आणि लोकांनी मांडलेले मुद्दे व त्यांवर अर्जदाराचे म्हणणे यांचे निवेदन मराठी आणि इंग्रजीत तयार करायचे असते. असे निवेदन तक्त्यात मांडले की त्याला दोन रकाने पुरतात. डावीकडे कोणीतरी विचारते, आमची कव भरावाखाली गेली तर जाळे लावायचे कुठे. उजवीकडे कंपनीचा सल्लागार लिहितो, योग्य त्या उपाययोजना करण्यात येतील. इरादापत्र ज्याने दिले आणि महसुलात वाटा ज्याला मिळणार, त्या सरकारने काय उत्तर दिले हे लिहायला त्या तक्त्यात जागा आखलेली नाही.